हाक आणि शोक : श्रियाळ-चांगुणा आख्यानातील अखेरचा निर्णय

श्रीधरस्वामी नाझरेकर (१६५८–१७२९) यांच्या 'शिवलीलामृता'चा चौदावा अध्याय महाराष्ट्रात जितका ऐकला गेला तितका वाचला गेलेला नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूर हे टेकडीवरील बल्लाळदेवीमुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावी श्रावणात किंवा महाशिवरात्रीला पोथी लागते तेव्हा वाचणारा एक असतो आणि ऐकणारे अनेक. वाचणाऱ्याच्या मुखी अठराव्या शतकातील ग्रांथिक मराठी असते. ऐकणाऱ्यांची बोली वऱ्हाडी. मधले अंतर ऐकणारा आपल्या बोलीने आणि आपल्या अनुभवाने भरून काढतो. श्रियाळ-चांगुणेचे आख्यान विद्यापीठीय वर्गात शिकवले जाते तेव्हा ही गोष्ट सहसा विसरली जाते, आणि मग 'भक्तीने वात्सल्यावर मिळवलेला विजय' असा त्याचा एका ओळीतला अर्थ सांगून अभ्यासक मोकळा होतो. हा अर्थ अगदीच चुकीचा नाही. पण कथेतील घटनांचा क्रम नीट पाहिला तर तो पुरा पडत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कथा सर्वश्रुत आहे, तरी तिचे टप्पे मांडणे अवश्य आहे, कारण वाद टप्प्यांचाच आहे. कांती नगरीचा राजा श्रियाळ आणि राणी चांगुणा यांचे अतिथीला विन्मुख न पाठविण्याचे व्रत आहे. शिव अघोर रूपाने अतिथी होऊन येतो व नरमांसाची मागणी करतो. राजा-राणी स्वतःचे देह देऊ करतात. अतिथीला ते नको असतात, त्याला त्यांचा एकुलता एक मुलगा चिलया हवा असतो. अट अशी की कोणी शोक करावयाचा नाही. डोळ्यांतून पाणी आले तर अतिथी उठून जाईल. चांगुणा स्वतःच्या हाताने मुलाचा वध करून अन्न सिद्ध करते, पण शिर तेवढे पाहण्यासाठी बाजूला ठेवते. अतिथी ते ओळखतो आणि शिर उखळात घालून, गात गात, कांडावयास सांगतो. तेही होते. पुढे श्रियाळाला पंक्तीस बसण्याची आज्ञा होते. तो कचरतो, तेव्हा चांगुणा त्याला म्हणते की आपण हे मूल नऊ महिने पोटात वागविले, त्याला काही प्रहर तरी ते जड होऊ नये. अखेर अतिथी निपुत्रिकाच्या घरचे अन्न घ्यावयाचे नाकारतो, मुलाला हाक मारावयास सांगतो, चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो.

आता पाहावयाचे ते हे, की या परीक्षेत अतिथी नेमके काय मागतो. मुलाचा देह मागतो हे खरे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. मूल दिल्यावरही परीक्षा संपलेली नाही. देह दिला गेल्यानंतरचे तिन्ही टप्पे, म्हणजे शिर काढून घेणे, गाणे म्हणावयास लावणे आणि पंक्तीस बसविणे, हे शोकाविरुद्ध योजलेले आहेत. पहिल्या मागणीत वात्सल्याचा विषय हिरावला जातो. पुढच्या मागण्यांत तो हिरावला गेल्याचे दुःख करण्याची मुभा हिरावली जाते. दोन्ही मागण्या सारख्याच समजणे हीच रूढ अर्थातील चूक आहे. वात्सल्य हे मुलाकडे वळलेले असते. शोक हा मागे राहिलेल्याचा स्वतःचा असतो. आपल्या साहित्यशास्त्राने हा भेद जाणलेला आहे. करुणाचा स्थायी शोक आहे, आणि चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा स्वतंत्र रस मानला त्याचा स्थायी वत्सलता हा आहे. एकाच प्रसंगात हे दोन भाव परस्परांशी झगडू शकतात, नव्हे अखेरच्या निर्णयाच्या क्षणी एकाला दुसऱ्याच्या वाटेतून दूर व्हावे लागते, हे अद्भुत आख्यानांत वारंवार दिसते.

श्रीधरांच्याच इतर ग्रंथांच्या विषयांत याची विरुद्ध उदाहरणे सापडतात. 'रामविजय' (१७०३) ज्या कथेवर उभा आहे तीत श्रावणाच्या अंध आईबापांचा प्रसंग येतो, आणि 'पांडवप्रताप' (१७१२) ज्या कथेवर उभा आहे तीत द्रोणाचा. श्रावणाचे आईबाप मृत मुलाला स्पर्श करतात, त्याला संबोधून विलाप करतात; पण त्यांचा अखेरचा शब्द मुलाला उद्देशून नाही. तो दशरथाला उद्देशून आहे, आणि तो शाप आहे: तूही पुत्रशोकानेच मरशील. येथे शोकाने वात्सल्याची जागा घेतली आहे. आपले दुःख दुसऱ्या बापाच्या पदरात घालून ते मरतात, आणि पुढे तो बापही तसाच मरतो. (कालिदासाने 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात या शापाला वेगळी कलाटणी दिली आहे: निपुत्रिक दशरथाला तो अनुग्रहासारखा वाटतो, कारण पुत्रशोक व्हावयास आधी पुत्र तर व्हावा लागेल. शापातून मूल शोधून काढणारा हा बाप पुढे त्याच शापाने मरतो, यातले क्रौर्य कालिदासाच्या शांत शैलीमुळे सहज लक्षात येत नाही.)

द्रोणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. अश्वत्थामा मारला गेल्याची वार्ता तो ऐकतो, युधिष्ठिराला विचारून खात्री करून घेतो आणि शस्त्र खाली ठेवतो. मुलगा जिवंत आहे. त्याच रणभूमीवर आहे. द्रोण वार्तेचा खरेखोटेपणा विचारतो, मुलाला हाक मारीत नाही. शोक एकदा पुरता पटला की त्याला मुलाची गरज उरत नाही, असेच जणू येथे घडते. परिणाम असा की ज्या मुलावरील मायेने बापाने प्राण सोडले त्या मुलाच्या वाट्याला सूड येतो, आणि त्या सूडातून द्रौपदीचे पाच मुलगे निजलेले असता मारले जातात. शोकाने केलेला निर्णय पुढच्या घरी शोक पोचवितो. गांधारीचा यादवकुळाला शापही याच जातीचा आहे, तो येथे केवळ नोंदवून ठेवणे पुरे.

चांगुणेचे काय होते? तिला शोकाची बंदी आहे. म्हणून तिला द्रोणासारखे शस्त्र खाली ठेवता येत नाही, की श्रावणाच्या आईसारखा शाप देता येत नाही. उरते ते वात्सल्य, आणि ते फक्त कृतीतून दिसू शकते. शिर बाजूला ठेवणे ही त्यातील पहिली कृती. व्रताच्या दृष्टीने ती चोरी आहे. अतिथी ती तशीच पकडतो. पण ज्या कवीला केवळ भक्तीचा विजय दाखवावयाचा आहे त्याला या चोरीची गरजच नव्हती. ती ठेवली गेली याचा अर्थ, आईने सर्वस्व दिले नाही हे कथेला ठाऊक आहे आणि ते तिला सांगावयाचे आहे.

दुसरी कृती कांडणाची. येथे ऐकणारीचा अनुभव आणला पाहिजे. उखळ हे राजवाड्यातले भांडे नव्हे. ते ऐकणारीच्या घरचे आहे. दळणकांडण करताना गाणे हा महाराष्ट्रातील स्त्रियांचा शतकानुशतकांचा परिपाठ होता, आणि त्या गाण्यात माहेरची आठवण, सासरचा जाच, गेलेल्या माणसांचे दुःख हे सारे येत असे. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांवरून एवढे निश्चित म्हणता येते की जाते आणि उखळ ही स्त्रीला मन मोकळे करण्याची हक्काची ठिकाणे होती. अतिथी चांगुणेला कांडताना गावयास सांगतो आणि रडू नको म्हणतो, तेव्हा तो तिचे हे ठिकाणच काढून घेतो. गाणे आहे, पण त्यात दुःख घालावयाचे नाही. देहाच्या मागणीपेक्षा ही मागणी अधिक निर्दय आहे की नाही, हे ऐकणारीला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी कृती शब्दाची आहे: नऊ महिन्यांचे ते वाक्य. निरूपणात ते धैर्याचा नमुना म्हणून येते. वस्तुतः ते नवऱ्याला दिलेले उत्तर आहे आणि त्यात धार आहे. मूल पोटात असणे म्हणजे काय हे तिला माहीत आहे, त्याला नाही. भक्षणाच्या कल्पनेने शहारलेल्या बापाला ती गर्भधारणेची भाषा ऐकविते. जी गोष्ट भयानक म्हणून समोर ठेवली गेली तिला ती आईच्या शब्दांत सांगते आणि आपल्या कक्षेत ओढून घेते. सबंध आख्यानात तिचे सामर्थ्य सर्वांत अधिक कोठे दिसत असेल तर ते येथे, सुरीपाशी नव्हे.

या ठिकाणी कथेच्या प्रवासाकडे वळणे आवश्यक आहे, कारण आईकडे आलेले हे महत्त्व मुळात नव्हते. कथेचे प्रसिद्ध तमिळ रूप बाराव्या शतकातील शेक्किळाराच्या 'पेरियपुराणा'त आहे. तेथील नायक शिरुत्तोंडर हा पूर्वाश्रमी परंज्योती नावाचा पल्लवांचा सेनापती. चालुक्यांची वातापी म्हणजे बदामी उद्ध्वस्त करून त्याने लूट आणली असे ते पुराण सांगते, आणि वातापीचा पाडाव इतिहासकार ६४२ च्या सुमारास मानतात. दक्षिणेच्या राजधानीचा विध्वंसक पुढे दक्षिणेच्याच भाषांत आदर्श गृहस्थ होऊन नांदावा, हा योग विलक्षण आहे. या तमिळ रूपात सुरी बापाच्या हाती आहे. आई मुलाला धरते. मुलाचे नाव सीराळन. तेलुगूत श्रीनाथाच्या 'हरविलासा'त बाप चिरुत्तोंडनंबी आणि मुलगा सिरियाळ असा क्रम राहतो. कन्नड वीरशैव परंपरेत मात्र बापच सिरियाळ होतो, आई चंगळे आणि मुलगा चिलाळ. मराठीतील श्रियाळ, चांगुणा आणि चिलया ही त्रयी याच कन्नड त्रयीला जुळते, तमिळ वा तेलुगू त्रयीला नव्हे. तेव्हा कथा मराठीत कन्नडच्या वाटेने आली हा निष्कर्ष नावांवरून तरी अटळ दिसतो. 'सिरि' हे कन्नडमधील श्रीचे तद्भव रूप. मराठीने त्याला पुन्हा संस्कृताचा पोशाख चढविला. चंगळेचे चांगुणा होताना 'चांग' आणि 'गुण' यांचा लोकव्युत्पत्तीने झालेला संकर स्पष्ट आहे. उलट लोकव्यवहारात श्रियाळाचे शिराळशेट झाले, आणि श्रावण शुद्ध षष्ठीला मातीचा शिराळशेट पुजला जाऊ लागला. दुर्गादेवीच्या दुष्काळात अन्न वाटणारा, औट घटकेचे राज्य मिळालेला शेटही त्याच नावात मिसळून गेला.

चिलाळचे चिलया कसे झाले, याविषयी वऱ्हाडी जाणणाऱ्याला एक मोह होतो. वऱ्हाडीच्या मोठ्या भागात 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, काळा तो काया. मग चिलाळचा अंत्य 'ळ' याच मार्गाने गेला असेल काय? मोह आवरला पाहिजे. श्रीधरांनी ग्रंथ १७१८ मध्ये बारामतीस लिहिला, वऱ्हाडात नव्हे. आणि त्याच ग्रंथात श्रियाळाचा 'ळ' सुखरूप आहे. बाळाच्या नावाला मायेने 'या' लागणे हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे. तरी अमडापूरच्या ऐकणाऱ्याला 'चिलया' हे नाव आपल्याच बोलीतले वाटावे, यात नवल नाही.

सुरी बापाच्या हातून आईच्या हाती आली हा या प्रवासातील निर्णायक बदल होय. तमिळ कथेत दांपत्य एकत्र कृती करते. मराठीत कृतीचा भार एकटीवर पडतो, आणि म्हणून शोकाची बंदीही तिच्यावरच येऊन ठेपते. डेव्हिड शुलमन यांनी १९९३ मधील 'द हंग्री गॉड' या ग्रंथात या दाक्षिणात्य कथांची तुलना बायबलातील अब्राहाम-इसहाक कथेशी केली आहे. तुलना उपयुक्त आहे, परंतु फरक मोठा आहे. अब्राहामाचा हात वरच्या वर थांबविला जातो; चांगुणेचा थांबविला जात नाही. आणि कीर्केगार्द या डॅनिश तत्त्वचिंतकाला १८४३ साली अब्राहामाचे मौन सर्वांत अगम्य वाटले. आपल्या निर्णयाविषयी तो कोणाशी बोलूच शकत नाही. चांगुणेला मौनही उपलब्ध नाही. तिला गावे लागते, वाढावे लागते, नवऱ्याला समजवावे लागते.

आता हाक. भरताने 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांतील भेद एका शब्दाने सांगितला आहे: करुण निरपेक्ष असतो, विप्रलंभ सापेक्ष. प्रिय व्यक्ती पुन्हा भेटण्याची अपेक्षा जिथे उरलेली नाही तो करुण. जिथे ती उरली आहे तो विप्रलंभ. पुढे विश्वनाथाने करुणविप्रलंभ असा एक प्रकार मानला: परलोकी गेलेली व्यक्ती त्याच देहाने परत लाभणार असेल तर तो करुण नव्हे. 'कादंबरी'तील महाश्वेतेचे उदाहरण प्रसिद्धच आहे. पण तिला आकाशवाणीने पुनर्भेटीचे वचन दिलेले असते, आणि वचनानंतरच तिचा शोक आपली जात बदलतो. चांगुणेला असे कोणतेही वचन नाही. तिच्यासमोर भुकेला, उर्मट अतिथी आहे, आणि तो मुलाला बोलाव म्हणतो. ज्याचे शिर तिने स्वतः उखळात कांडले त्याला ती हाक मारते.

व्याकरणाच्या दृष्टीने संबोधन हे वाक्याच्या कारकसंबंधांबाहेर असते. ते कर्ता नव्हे, कर्म नव्हे. ते क्रियेशी नव्हे, ऐकणाऱ्याशी जोडलेले असते. हाक मारणे म्हणजे ऐकणारा कोणी आहे असे गृहीत धरणे. म्हणून मृताला मारलेल्या हाकेत व्याकरण आणि वस्तुस्थिती यांची फारकत होते. विलापातील सर्व संबोधने अशीच अधांतरी असतात. चांगुणेची हाक मात्र विलाप नाही, कारण विलापाची तिला बंदी आहे. ती रोजची हाक आहे, जेवायला बोलावण्याची. निरपेक्षाकडून सापेक्षाकडे कथा वळते ती चिलया आल्यामुळे नव्हे, तर त्याच्या येण्याआधी ही हाक मारली गेल्यामुळे. चमत्कार नंतर येतो. चमत्कार झाला नसता तर ही स्त्री आपल्या गावातली कोणती स्त्री झाली असती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मूल गेल्यावर तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहून त्याला हाक मारणारी बाई कोणत्याही गावाने पाहिलेली असते आणि तिला वेड लागले असे म्हणून गाव तिच्याकडे पाठ फिरवते. आख्यान पाठ फिरवीत नाही.

मराठीत मुलाला हाक मारताना आई त्याला 'बाबा' म्हणते, 'बापा' म्हणते. मुलीला 'माय' म्हणते. बोलणाऱ्याने आपल्या पिढीचे नाते उचलून मुलाच्या अंगावर घालावे, ही लकब वऱ्हाडीत विशेष आढळते. शोक आणि वात्सल्य यांतील भेद भाषेत कोठे पाहावयाचा असेल तर तो येथे. शोक मुलाचे नाव घेऊन स्वतःविषयी बोलतो. वात्सल्य स्वतःचे नाव मुलाला देऊन टाकते.

या वाचनावर एक आक्षेप उरतो आणि तो लहान नाही. आईवर लक्ष खिळवून ठेवताना चिलयाचे काय? कथेच्या प्रचलित रूपात त्याला आधी सूचना मिळते आणि तो पळून जाण्याचे नाकारतो. आईबापांच्या व्रतासाठी देह देण्यास तो राजी असतो. ही राजीखुशी आख्यानातील सर्वांत दुबळा भाग आहे. शाळकरी वयाच्या मुलाच्या तोंडी प्रौढ वैराग्य घालून कवी ऐकणाऱ्याच्या मनातील अपराधाची बोच काढून टाकतो, आणि बोच निघाली की परीक्षा सोपी होते. तमिळ कथेत ही सूचना नाही. तेथे मुलाला कळतच नाही, आईबाप आपल्याला आनंदाने उचलून घेत आहेत असेच त्याला वाटते. हे अधिक भयंकर आहे आणि अधिक प्रामाणिकही. मराठी रूपाने आईला मोठे केले, पण मुलाला संत करून टाकले. व्रताचा अधिकार आईबापांना मुलाच्या देहावर मुळात होता काय, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच गेला नाही. कीर्तनातून ते खपून जाते. पदव्युत्तर वर्गात हे आख्यान मातृप्रेमाचा आदर्श म्हणून शिकविताना मात्र ते खपवून घेता येणार नाही.

तमिळ कथेतला सीराळन हाकेसरशी येतो तो शाळेतून आल्यासारखा धावत येतो. त्या दिवशी बाप त्याला शाळेतून मध्येच घरी घेऊन आला होता.